गोळ्यांचं उद्यापन

पायपुसण्यापासून देवघरापर्यंत फरशीवर लाल पावलं उमटली होती, आणि ती एकाच पायाची होती. ऋता, माझी सून, चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, "आई, लक्ष्मीची पावलं आज कशाला काढलीत? आणि एकाच पायाची?" मी वळून पाहिलं. पांढऱ्या फरशीवर डाव्या टाचेचा ठसा, मग मोकळी फरशी, मग पुन्हा डाव्या टाचेचा ठसा. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. मनात आलं, आली. इतकी वर्षं मी जिच्याकडे जाते ती आज माझ्याकडे आली, लंगडत का होईना. मग मी खाली बसले, पाय मांडीवर घेतला, आणि टाचेत काच दिसली. हिरवी, सोड्याच्या बाटलीची असावी, चिंचोक्याएवढी. ती मी मिरजकर तिकटीपासून आणली होती की थेट अंबाबाईच्या देवळाच्या दक्षिण दरवाजापासून, मला सांगता येईना, कारण दुखलंच नव्हतं. ओढून काढली तेव्हाही दुखलं नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी टाचेतली काच मी काढत होते, आणि ती बाई माझ्यासमोर शांत बसली होती.

उन्मेष आंघोळीहून आला तो तसाच टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहिला. माझा मुलगा बोलायच्या आधी ओठ घट्ट मिटतो, त्याच्या वडिलांसारखा. "आता बास," तो म्हणाला. "अनवाणी जाणं बंद. मंगळवार, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी, सगळं बंद. पोटात काही नाही आणि पायात काही नाही. आई, तुझ्या नसा मेल्यात, कळतंय का तुला?" मी म्हटलं, "काच लागली आहे रे." "काच लागली आणि तुला कळलं नाही, हे जास्त वाईट आहे की." ऋतानं हळद आणली. मी पायावर हळद दाबून बसले. लोक म्हणतात, नंदिनीताई फार मऊ बोलतात, कुणाचं मन मोडत नाहीत. मला हे ऐकून नेहमी नवल वाटतं. आवाज चढवला की समोरचा त्याला उत्तर देतो. हळू बोललेल्या 'नाही'चं काय करायचं ते मात्र लोकांना कळत नाही, आणि तेवढ्यात मी निघून गेलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी टाचेला पट्टी बांधून मी ठरल्या वेळेला निघाले. उन्मेषनं दाराला आतून कुलूप घातलं नव्हतं, एवढं त्याचं चांगलं.

चौदा वर्षांत माझे पाय रस्ता वाचायला शिकले होते. खासबागेच्या मैदानाजवळ डांबर खरबरीत आहे, पुढं एका गटाराच्या झाकणाची लोखंडी जाळी, मग देवळाच्या आवारातला काळा दगड. तो दगड वैशाखात दुपारी तव्यासारखा असतो आणि पौषात पहाटे त्याच्यातून गार कळ थेट गुडघ्यापर्यंत चढते. त्या कळीची मी वाट पाहायची. ती आली की वाटायचं, पोचले, माझी हजेरी लागली. गेलं वर्षभर ती येत नव्हती. आधी मुंग्या आल्या, मग पायात जाड मोजे घातल्यासारखं झालं, मग मोजेही गेले आणि नुसती चाल उरली. बोटांचंही तेच. देवीसाठी रोज एकशे आठ वाती वळते. कापूस चिमटीत आहे की नाही ते मला डोळ्यांनी बघावं लागू लागलं. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, ही परीक्षा आहे. पायांना काही मिळत नसताना जाते का बघू, असं ती बघत असेल. बघू दे, मी जाणारच होते.

कारण हा नेम मला मोडता येण्यासारखा नव्हता, आणि का ते या घरात कुणालाच माहीत नाही. चौदा वर्षांपूर्वी उचगावजवळ हायवेवर उन्मेषच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू, नाहीतर काढावा लागेल. दुपारची वेळ होती, दवाखान्याच्या व्हरांड्यात फिनाइलचा वास होता, यांनी कागदांवर सह्या केल्या आणि भिंतीला डोकं टेकून बसले. मी चप्पल काढली आणि बाकाखाली सरकवली. म्हटलं, अंबाबाई, त्याचा पाय चालेल तोवर माझे पाय तुझ्याकडे येतील, मधे काही न घालता. आणि दूध, दही, तूप आजपासून माझ्यासाठी नाही. पाय राहिला. आत सळई आहे, उजवा बूट डाव्याच्या आधी झिजतो, पण तो चालतो, जिने चढतो, लग्नात नाचला. सांगितलेला नवस हा समोरच्यावर उपकार होतो, म्हणून मी सांगितला नाही. हे गेले तेव्हाही सांगितला नाही. उन्मेषला वाटतं, म्हातारपणी आईला देवाचं वेड लागलं. वाटू दे.

नवसानं माझं काही बिघडवलं नाही असं मी म्हणणार नाही. मी व्रतं करते, खोटं बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी माझी जीभ लालबुंद झाली, घास सोसवेना. जिन्याच्या चौथ्या पायरीला दम लागायचा. पेठेतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. "वहिनी, तुमचं बी ट्वेल्व्ह तळाला गेलंय," ते म्हणाले. "हे धान्यात, भाजीत मिळत नाही. मांसाहार तुमच्यात नाही, निदान दूध तरी घ्या." मी म्हटलं, दूध नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग हसले. म्हणाले, "बरं. मग इंजेक्शनं आणि गोळी. तीन महिने." पंधरा दिवसांत जीभ निवली. महिन्यात जिना एका दमात चढले. ती बारीक लाल गोळी माझ्या नेमाच्या बाजूनं उभी राहिली होती. तिच्यामुळं मला दुधाकडं वळावं लागलं नाही. तिला मी औषधांच्या डब्यात कशी ठेवणार? तिची पट्टी मी देवघरात ठेवली, तीर्थाच्या भांड्याशेजारी. तीर्थ घ्यायचं आणि गोळी घ्यायची. तीन महिने संपले, पट्टी संपली, उन्मेषनं दुसरी आणली. नेम एकदा धरला की तो आपोआप सुटत नाही. त्याचं उद्यापन करावं लागतं, पाट मांडून, विधीनं, नाहीतर तो तसाच डोक्यावर राहतो. गोळीचं उद्यापन कर असं मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी घेत राहिले.

मग ऋताची बाटली आली. ऋता वाचणारी मुलगी आहे. घरात कुणाला शिंक आली तरी ती आधी मोबाइलमध्ये बघते आणि मग रुमाल देते. मला तिचं ते आवडतं. दीड वर्षापूर्वी तिनं पांढरी बाटली माझ्यासमोर ठेवली. "आई, तुमची ती साधी गोळी आहे ना, त्यातलं काही काही शरीराला आधी बदलून घ्यावं लागतं. म्हणजे मूग आणला, भिजवला, मोड काढले, मग उपयोग. या अ‍ॅक्टिव्ह आहेत. मोड आलेलंच आत जातं. फोलेट, बी ट्वेल्व्ह, बी सिक्स, सगळं अ‍ॅक्टिव्ह. आणि हे बघा, हिरवा ठिपका. कॅप्सूलसुद्धा शाकाहारी." मी विचारलं, अ‍ॅक्टिव्ह म्हणजे जागृत का? ती हसून म्हणाली, "हो, जागृतच म्हणा." "आणि जास्त झालं तर?" "बी जास्त होतच नाही. पाण्यात विरघळतं, लघवीतून जातं." सुनेनं हातानं दिलेलं मी नको म्हणत नाही. बाटली देवघरात गेली. जागृत दैवताचं मला भय असतं, ते पावतं तसं कोपतंही. पण ते भय मी बाटलीला लावून पाहिलं नाही. हिरव्या ठिपक्याला कोण भितं?

त्यानंतर काही महिन्यांनी पायांत मुंग्या सुरू झाल्या. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला विश्वजित म्हणाला, "काकू, मुंग्या व्हय? नसांची कमजोरी हाय ती. ही घ्या, दोन टाइम. नसांसाठी लई भारी हाय." मुंग्या वाढल्या तशी मी ती अधिक नेमानं घेऊ लागले. एक वेळ चुकली नाही. देवघरात तीन झाले. लाल गोळी, पांढरी बाटली आणि ही सोनेरी पट्टी, आणि मी सकाळी तीर्थाबरोबर तिघांना आणि संध्याकाळी दिव्याबरोबर एकीला हात जोडून आत घेत होते, आणि माझा पाय रोज थोडा थोडा माझ्यातून निघून जात होता.

काचेनंतर तिसऱ्या दिवशी उन्मेषनं मला नसांच्या डॉक्टरांकडे राजारामपुरीत नेलं. तो गाडी लावायला गेला तेव्हा शेजारी कोडोलीच्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, मांडीवर फुगलेली कापडी पिशवी. माझ्या पायाकडं बघून म्हणाल्या, "चप्पल इसरली व्हय?" मी म्हटलं, "नाही, घालत नाही." "देवाचं?" "हो." "मग बरोबर हाय," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला. गेल्या तीन दिवसांत मला कुणी इतकं सरळ सोडलं नव्हतं. मी विचारलं, पिशवीत काय? "गोळ्या की. समद्या. चालू, बंद, शेजारनीनं दिल्याल्या, जावयानं आनल्याल्या. मला वाचाय येत न्हाय. मग आत गेलं की टेबलावर वतायची पिशवी. म्हनायचं, बघ बाबा तूच." "एकट्याच येता?" "तर. पोरगं संगं आनलं की डाक्टर त्येच्यासंगंच बोलतोय. दुखतंय चिमणाबाईला आन इचारतोय चिमणाबाईच्या पोराला." आणि तोंडाला पदर लावून त्या हसल्या. तेवढ्यात उन्मेष आला.

आत गेल्यावर तसंच झालं. डॉक्टर भैरवी वयानं ऋताएवढ्याच. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि पायाला काहीतरी लावलं. मला ते कळलं नाही. अंगठा वर केलाय की खाली विचारलं. मी अंदाजानं सांगितलं, आणि उन्मेषनं श्वास सोडला त्यावरून कळलं की चुकलं. "काय खातात?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर उन्मेषनं दिलं. "काय खात नाहीत ते विचारा. दूध नाही, दही नाही, आठवड्याला दोन उपास, वर एकादशी. चौदा वर्षं अनवाणी." डॉक्टरांनी मान हलवली. "साखर वगैरे?" "नाही." मग माझ्याकडे वळून, "आजी, औषधं कुठली चालू आहेत?" मी म्हटलं, "औषध काही नाही." ते मी खरंच बोलले. औषध दुखण्याचं असतं. देवघरातलं औषध कसं असेल? उन्मेष म्हणाला, "व्हिटॅमिन घेते ती, बाकी काही नाही," आणि व्हिटॅमिन या शब्दावर डॉक्टरांचं पेन थांबलं नाही. आम्ही दोघांनी मिळून ते झाकलं, एकीनं भक्तीनं आणि एकानं बेफिकिरीनं.

रक्ताचा कागद आला तो उन्मेषनं स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला आणि पुन्हा वाचला. बी ट्वेल्व्ह कमी नव्हतं. ते वरच्या रेषेच्याही वर गेलं होतं, इतकं की यंत्रानं आकडा न देता नुसतं 'याहून जास्त' असं छापलं होतं. "मशीन चुकलं असेल," तो म्हणाला. ऋता म्हणाली, "मग दुसरं काहीतरी असेल, अशक्तपणा असेल." "कारण काहीही असू दे, चालणं बंद. देवळात जायचंय ना? स्कूटरवरून सोडतो. चप्पल घालून. दारात काढ." मी वाती वळत होते. म्हटलं, "मला काही मिळत नाही म्हणून माझे पाय गेले, असंच म्हणत होतास ना?" "हो." "मग एवढं आलं कुठून माझ्यात?" त्यानं कागदाची घडी घातली. पण दुपारी सगळे झोपले तेव्हा मला ती फुगलेली कापडी पिशवी आठवली. टेबलावर वतायची. मी देवघरासमोर बसले, यांचं पंचांग वाचायचं भिंग घेतलं, आणि तिघांना पहिल्यांदा हात न जोडता उचललं. बारीक इंग्रजी अक्षरं. मी सातवीला विज्ञान शिकवलेली बाई, मिलिग्रॅम मला वाचता येतं. लाल गोळी, बी सिक्स, दहा. पांढरी बाटली, बी सिक्स, आणि कंसात त्याचं जागृत नाव, पन्नास. सोनेरी पट्टी, बी सिक्स, शंभर, आणि ती दोन वेळा. दोनशे साठ. दिवसाला किती लागतं ते तिथं कुणीच छापलं नव्हतं. बाटलीवर शेजारी टक्के होते, आणि ते टक्के हजारांत होते. मी ते पुन्हा पाहिले. कुठल्याही नैवेद्याच्या पानावर गरजेच्या शंभरपट वाढायची रीत मी ऐकलेली नाही.

उन्मेषला न सांगता मी दुसऱ्या दिवशी राजारामपुरीला चालत गेले. तिघांना नैवेद्याच्या झोळीत घातलं होतं. डॉक्टरांच्या टेबलावर झोळी ओतली. "त्या दिवशी मी औषध नाही म्हटलं," मी म्हणाले, "हे आहे. औषध म्हणायचं का ते तुम्ही ठरवा." त्यांनी एकेक उचललं, मागं पुढं केलं, आणि माझ्यासारखीच बोटांवर बेरीज केली. मग म्हणाल्या, "दीड वर्ष?" "ही दीड वर्ष, ही वर्ष, ही तीन." "एकही दिवस न चुकता?" "मी नेम चुकवत नाही." त्या हसल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं. "आजी, बाकीचे बी जास्त झाले तर बहुतेक निघून जातात. बी सिक्स तसं नाही. दिवसाला दोन मिलिग्रॅमच्या आत भागतं. इतकं आणि इतके दिवस घेतलं तर तेच नसा मारतं. मुंग्या आल्या म्हणून तुम्ही जे वाढवलं, त्यानंच मुंग्या वाढल्या. साधं काय आणि अ‍ॅक्टिव्ह काय, शेवटी आत जाऊन एकच होतं ते. अजून एकदा रक्त तपासू, पण मला फारशी शंका नाही." मी विचारलं, "म्हणजे उपासानं नाही?" "उपासानं नाही." "चालण्यानं नाही?" "चालण्यानं काच लागते. नसा जात नाहीत." हे वाक्य मी पदराच्या गाठीत बांधून घेतलं असतं. त्यांनी तिन्ही बंद करायला सांगितलं. दूध नाही म्हणून नुसतं बी ट्वेल्व्ह, बाकी काही नसलेलं, आणि तेही रोज नाही, आठवड्याला एक. परत येईल का? "येईल. महिने लागतील, कदाचित वर्ष. सगळं येईल असं वचन देत नाही. तोवर अनवाणी चालू नका. जखम झाली तर कळणार नाही." मी म्हटलं, "कळणार नाही ना? मग बघत जाईन." त्यांनी मान वर करून पाहिलं. मग कागदावर लिहिलं, तळवे रोज दोनदा बघणे, आरशात, बोटांच्या मधेही. मी तो कागद घेतला. नवा नेम लिहून दिल्यासारखा तो मला वाटला, आणि याला शेवटची तारीख आहे का ते मी या वेळी विचारून घेतलं.

घरी सांगितल्यावर ऋता पांढरी बाटली हातात धरून उभी राहिली. तिचे डोळे भरले. "माझ्यामुळं झालं, आई?" "तू एक दिलीस, विश्वजितनं एक, जुन्या डॉक्टरांनी एक. आणि मी सगळ्या घेतल्या. वाढणाऱ्या तिघांनी एकमेकांना विचारलं नाही आणि जेवणारीनं पुरे म्हटलं नाही. कुणा एकाचं काय?" उन्मेष खुर्चीच्या पाठीवर हात टेकून म्हणाला, "तरी पण तू घेतच राहिलीस. कुणी सांगितलं होतं? तीन महिन्यांची होती ती." "तुम्हीच सांगत होता. उपास सोड म्हणालात रोज, गोळी सोड असं एक दिवस म्हणाला नाहीत. कमी खाते म्हणून माझे पाय गेले, असं इतके दिवस मला ऐकवलंत. जास्तीनं गेले." माझा आवाज नेहमीएवढाच होता. पण कपाटाच्या काचेत मी स्वतःला दिसले तेव्हा मान ताठ होती, कितीतरी दिवसांत नव्हती एवढी. त्यानं ओठ मिटले. "ठीक आहे," तो म्हणाला, "पण चालणं," आणि वाक्य तसंच सोडून खुर्ची टेबलाखाली सरकवली.

शुक्रवारी सकाळी मी पाट मांडला. हे गेल्यापासून कपाटात पडलेला कुंकवाचा आरसा काढला, पुसला, आणि आधी पाय धुऊन दोन्ही तळवे त्यात पाहिले. माझे तळवे मी साठ वर्षांत पाहिले नव्हते. डाव्या टाचेवर काचेची खूण मिटत आली होती, आणि बाकी सगळा रस्ता होता, भेगाभेगांतून, चौदा वर्षांचा. मग पाटावर तांदळाच्या तीन राशी केल्या, त्यांवर लाल गोळ्या, पांढरी बाटली, सोनेरी पट्टी ठेवली, समोर एक सुपारी, हळद, अक्षता, गुळाचा खडा. ऋता दारात उभी राहून बघत होती; तिला हसू येत होतं की काय ते कळेना, पण ती बसली आणि तिनंही अक्षता घेतल्या. या गोळ्यांनी माझं केलेलं चांगलं मी विसरले नाही. लाल गोळीनं माझी जीभ निववली, माझा जिना चढवला. जे पावतं त्याला निरोपही मानानं द्यावा. फक्त उद्यापनाचं वाण कुणाला तरी द्यायचं असतं, ते मी दिलं नाही. हे वाण मी वैऱ्याच्याही ओटीत घालणार नाही.

उन्मेष आतून आला. हातात खोका होता, नव्या मऊ सपातांचा. त्यानं तो माझ्या पायांशी ठेवला. "निदान या तरी. माझ्यासाठी." एवढं तो कधी म्हणत नाही. मी खोक्याकडे पाहिलं, मग त्याच्या पायाकडे. ऑफिसचे बूट घातले होते, उजव्याचा तळ एका बाजूनं झिजलेला. "पाय कसा आहे रे तुझा?" मी विचारलं. तो गोंधळला. "माझा? बरा आहे. का?" "दुखतो का?" "नाही. मस्त चालतो. का गं?" "मग झालं," मी म्हटलं, आणि खोका उचलून कपाटात, जिथं आरसा होता त्या जागी ठेवला.

बाहेर घंटागाडी वाजली. मी तिन्ही वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि ऋताच्या हातात दिलं, गाडीत टाकायला. पाटावर सुपारी राहिली होती. तिच्यावर अक्षता टाकून ती हलवायची असते, आणि हलवताना देवाला पुन्हा या म्हणायचं असतं. ती ओळ मला लहानपणापासून पाठ आहे, कुठल्याच उद्यापनात ती मी गाळली नाही. आज अक्षता टाकल्या, सुपारी हलवली, आणि ती ओळ म्हटली नाही. उंबऱ्याबाहेर पाय ठेवला. देवळातला दगड गार असेल. तो मला कळेपर्यंत मी रोज जाणार होते, आणि कळल्यावरही.